भोंगा घेऊन समुद्रावर

आमच्या बिल्डिंगीत पाणी यायचं ते भोंगा वाजवून. गिरणीचा असतो ना, तसला भोंगा, फक्त हाताने फिरवायचा. मालक सकाळी गच्चीवर जायचे, कठड्यावरून वाकून खाली एक नजर टाकायचे, मग भोंग्याची मूठ धरून गरागरा फिरवायचे. सगळी गल्ली जागी झाली की खड्या आवाजात म्हणायचे, "पाणी सोडण्यात येत आहे! काठावरच्यांनी सावध राहावे!"

मग टाकीचा कॉक उघडायचे. आता कॉक केवढा, तर माझ्या मुठीत मावेल एवढा. आणि काठ कुठला? बिल्डिंगीला कधी काठ असतो का? पण त्यांना ते कोण सांगणार!

नोकरीभर ते पाटबंधारे खात्यात होते. कालव्याला पाणी सोडायचं, बंद करायचं, पातळी बघायची. धरणावर राहिले, कालव्याच्या कडेला खोलीत राहिले, पावसाळ्यात छत्री घेऊन रात्र रात्र गेटपाशी उभे राहिले. रिटायर झाल्यावर नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला ही दोन मजली बिल्डिंग बांधली आणि वरच्या खोल्या शिकणाऱ्या पोरांना भाड्याने दिल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तर हे एवढं पाणी सोडलेलं माणूस, त्याच्या हातात आता एक टाकी आणि एक कॉक. पण थाट तोच. कॉक उघडण्याआधी भोंगा, बंद करण्याआधी दोनदा छोटा भोंगा. पोरं मागे त्यांना भोंगाच म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. त्यांना त्याचा अभिमान होता असं माझं मत आहे.

पोरांना मात्र त्या भोंग्याने चांगली शिस्त लागली होती. टाकी लहान, पाणी थोडा वेळच यायचं. त्यामुळे भोंगा वाजला की अंगावर असेल त्या कपड्यात, अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून पोरं बादल्या घेऊन जिन्यावरून खाली अंगणातल्या नळाकडे धावायची. डोळे उघडायच्या आधी पाय धावायचे. माझी खानावळ आणि घर तळमजल्यावर, त्या दोन खोल्यांना महापालिकेचा नळ वेगळा होता. म्हणून मला आणि माझ्या मुलीला भोंग्याची गरज नव्हती. आम्ही दोघी दारात उभ्या राहून गंमत बघायचो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मालकांची दुसरी सवय काठीची. पाणी दिसलं की त्यात काठी उभी करायची. गच्चीवरच्या टाकीत खुणा केलेली काठी, माझ्या पिण्याच्या पिंपात वेगळी, बाहेर कुत्र्याला पाणी ठेवायचो त्या पसरट भांड्यातसुद्धा एक. एकदा जेवताना वाटीतल्या आमटीत चमचा उभा धरून बसले. मी म्हटलं, "काय झालं मालक? केस निघाला का?"

"नाही वहिनी. पातळी बघतोय. काल या वेळेला बटाटा बुडालेला होता."

म्हणजे आमटी वाढा, हे सांगायची ही रीत! पंगतीला मालेगावचा एक पोरगा बसलेला असायचा, घरचे पॉवरलूम, तोंड म्हणजे टकळी. तो मालकांच्याच कालव्याच्या भाषेत म्हणाला, "मावशी, आवर्तन सोडा. टेल एंडला पाणी पोचत नाहीये."

आणि एक गंमत सांगते. एवढं आयुष्य पाण्याकाठी गेलं, पण या माणसाला पोहता येत नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मी पाणी सोडणारा माणूस. पाण्यात उतरणारा नाही. तो विभाग वेगळा." समुद्रही त्यांनी कधी पाहिलेला नव्हता.

आता माझ्या मुलीचं सांगते, कारण तिच्यावाचून हे चित्र पुरं होत नाही.

बारावीला तिला मार्क कमी पडले. मेडिकलचं थोडक्यात हुकलं. त्या वेळी अशा मुलांमध्ये गॅप घ्यायची पद्धतच होती. एक वर्ष घरी बसायचं, क्लास लावायचे, परत परीक्षा. आमच्या वरच्या खोल्यांतली निम्मी पोरं गॅपवालीच होती. पण ती पोरं दंगा करत गॅप घेत होती. माझी पोरगी मुकी झाली. मैत्रिणी पुण्याला गेल्या, त्यांचे फोन आले की ही बाथरूममध्ये जाऊन बसायची. भाजी आवडली नाही तरी बोलायची नाही. आधी आमच्या घरात कंगव्यावरून भांडणं व्हायची, टीव्हीवरून व्हायची. आता घर कसं, तर दवाखान्यासारखं. यजमान सातपूरला कंपनीत, शिफ्टची ड्युटी. ते म्हणायचे, अभ्यास करतेय, करू दे. पण वहीचं पान उलटत नाही हे मला दिसत होतं. दुपारी ती गच्चीवर जाऊन टाकीमागच्या कठड्याला टेकून बसायची आणि माझा जीव इथे पोळपाटावर लाटला जायचा. काहीतरी निमित्त काढून मी दर थोड्या वेळाने वर जायची. वाळवण नसलेल्या दिवसांतही मी वाळवण घातलंय, तुम्हाला सांगते.

एक दिवस वर गेले तर मालक तिथेच खुर्ची टाकून बसलेले. भर उन्हात, डोक्याला पंचा गुंडाळून. हातात पेपर, पण नजर पेपरात नाही. मला बघून उठले, जिन्यापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, तुमची पोरगी साठलीय."

"म्हणजे?"

"आत पाणी येतंय, बाहेर जात नाहीये. गेट अडकलंय. सोडायला पाहिजे."

मला राग आला. "मालक, माझी पोरगी म्हणजे काय तुमचं धरण आहे का?"

"नाही," ते म्हणाले, "धरणाला कसं सोडायचं ते मला येतं." आणि परत जाऊन खुर्चीवर बसले. त्या दिवसापासून दुपारची त्यांची खुर्ची गच्चीवरच असायची. तिच्याशी एक शब्द बोलायचे नाहीत. पण माझं वाळवण बंद झालं.

समुद्राचं वेड त्यांच्या डोक्यात शिरलं ते माझ्या टीव्हीमुळे. खानावळीत मी केबल घेतली होती, पोरांनी हट्ट केला म्हणून. दुपारच्या जेवणाला खेळांचं चॅनेल लागलेलं असायचं. एके दिवशी त्यावर कुठल्या तरी देशातली माणसं फळीवर उभी राहून समुद्राच्या लाटांवरून घसरत होती. मालकांचा घास हातातच राहिला.

"हे काय आहे?"

"सर्फिंग, मालक," मालेगाववाला म्हणाला.

"पाणी उभं आहे."

"लाट आहे ती."

"तेच म्हणतोय मी. पाणी उभं आहे आणि त्याच्यावर माणूस उभा आहे." त्यांनी हात धुतला आणि टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले. "मी आयुष्यभर पाण्याला आडवं करत आलो. उभं पाणी म्हणजे आमच्याकडे दुर्घटना."

त्यानंतर आठवडाभर त्यांना दुसरा विषय नव्हता. मग जाहीर केलं, गॅपच्या सगळ्या पोरांना घेऊन समुद्रावर जायचं. गाडी त्यांची, फळ्या त्यांच्या. पोरं आधी हसली, मग फुकट सहल आहे म्हटल्यावर नाचली. सायखेड्याचा एक दणकट पोरगा होता, गोदाकाठचा (गोदेला आम्ही गंगाच म्हणतो), पुरात पोहणारा. तो म्हणाला, "मालक, आपल्या गंगेचं पाणी तिकडं जात नाय. ते पूर्वेला जातंय, लय लांब."

"मला शिकवू नकोस. मीच सोडलंय ते. समुद्र आतून एकच असतो."

फळ्या करून घ्यायला ते पंचवटीतल्या एका सुताराकडे गेले. माणसाएवढ्या लांब, पुढे टोकाला निमुळत्या. सुताराने विचारलं, "लाँड्री काढताय का? इस्त्रीचं टेबल आहे ना हे?" मालक म्हणाले, "पाण्याला इस्त्री करायची आहे." अशा तीन फळ्या झाल्या, वरून मेणबत्त्या घासून गुळगुळीत केलेल्या. मग गच्चीवर सराव सुरू झाला. फळीखाली गाडीची फुगवलेली ट्यूब, फळीवर पोरगा, आणि मालक फळी हलवत ओरडताहेत, "लाट आली! लाट आली! गुडघा वाकव, गाढवा!" शेजारच्या बिल्डिंगीतल्या बायका खिडकीत येऊन बघायच्या. माझी पोरगी टाकीमागे बसून असायची. बघायची नाही.

"तिलाही न्यायचं," मालकांनी मला सांगितलं. मी म्हटलं, ती येणार नाही. आणि आली तर मी तिला एकटी सोडणार नाही. "मग तुम्हीही चला. पुऱ्या करा." यजमान म्हणाले, "जा बाई तू पण. घरी राहून माझा जीव खाशील." ती नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. सकाळी पिशवी घेऊन गाडीत जाऊन बसली. त्या वर्षात ती सगळंच तसं करायची.

थंडीचे दिवस होते. ट्रॅक्स गाडी, वर फळ्या बांधलेल्या, मागे पोरं कोंबलेली, माझ्या मांडीवर पुऱ्यांचा डबा आणि मालकांच्या मांडीवर भोंगा. हो, भोंगा बरोबर घेतला होता. "पाण्यापाशी जायचं आणि भोंगा नाही, हे मी ऐकलेलं नाही," म्हणाले. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत डहाणूच्या अंगाला उतरलो आणि बोर्डीला पोचलो. सुरूची झाडं, झाडांखाली चहाची टपरी, पुढे वाळू. मालक सगळ्यांत आधी उतरले, शर्टाची इस्त्री नीट केली आणि समुद्र बघायला पुढे गेले.

समुद्र नव्हता.

म्हणजे होता, पण लांब. डोळे बारीक केले तर एक पांढरी रेघ दिसत होती. अलीकडे नुसती ओली वाळू, चिखल आणि मधे एक उथळ खोलगट पट्टा, त्यात घोटाभर पाणी. आम्ही सगळे नाशिककर ओळीने उभे. मालेगाववाला म्हणाला, "मालक, पाणीकपात आहे वाटतं इकडे पण."

मालक टपरीवाल्या बाईंकडे गेले. "पाणी कुठे गेलं?"

"ओहोटी हाय ना. दुपारनंतर भरंल."

"सोडतं कोण?"

बाईंनी हातातली किटली खाली ठेवली. "कोण सोडनार? चंद्रावर असतं ते."

"आणि भोंगा कोण वाजवतं?"

"कसला भोंगा?"

"पाणी सुटण्याआधी. काठावरच्या लोकांना कळायला."

"भोंगा नाय वाजत. येत ऱ्हातं पानी, हळूहळू. दिसतं की डोल्यानी."

मालकांना ते अजिबात पटलं नाही. चंद्राचा त्यांना रागच आला असावा. आम्हाला येऊन म्हणाले, "बाईंना नीट माहिती नाही. इतकं पाणी असं न सांगता येईल कसं? दुपारनंतर म्हणजे जेवणानंतर. तोपर्यंत पात्र कोरडं आहे. जा, पुढे जाऊन फळ्या टाका."

नोकरीभर त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. पाणी सांगून येतं. वेळ ठरते, भोंगा होतो, मग पाणी. त्याआधी थेंब नाही. तेच त्यांनी समुद्राला लावलं. आम्हालाही ते बरोबरच वाटलं हो. आम्हाला तरी कुठे माहीत होतं? आम्ही सगळे सोडलेलं पाणी बघत मोठे झालेलो.

पोरं फळ्या घेऊन त्या खोलगट पट्ट्यातून पलीकडे गेली, पार पांढऱ्या रेघेपर्यंत. मालक मात्र काठावर घडीची खुर्ची टाकून बसले. बसण्याआधी सवयीप्रमाणे सुरूची एक काठी उचलली, चाकूने खुणा पाडल्या आणि त्या पट्ट्यातल्या पाण्यात रोवून आले. शेजारी मी बसले. माझ्या शेजारी मुलगी, गुडघ्यात मान घालून.

लांबून पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता. एक चढायचा, दोघं पडायचे. सायखेड्याचा तर फळीवर पोटावर पडून बेडकासारखे हातपाय मारत होता. मला हसू आलं. आणि माझ्या शेजारून ती उठली. काही बोलली नाही. ओढणी माझ्या मांडीवर टाकली, चपला काढल्या आणि चालायला लागली. मालकांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दोघांनीही तोंडातून शब्द काढला नाही, उगाच वळली तर?

ती पोचली. कुणीतरी तिला फळी दिली. ती घेऊन ती बाकीच्यांपासून जरा बाजूला गेली, वाळूच्या एका उंचवट्यावर, आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. तेवढ्यानेही मला केवढं बरं वाटलं. मी पुऱ्यांचा डबा उघडला.

"वहिनी," मालक म्हणाले, "काठी कुठे गेली?"

त्या आवाजाने माझ्या हातातली पुरी खाली पडली. मी बघितलं. खोलगट पट्टा आता पट्टा राहिला नव्हता. चांगला ओढा झाला होता. आणि पाणी वाहत होतं ते आमच्याकडे, जमिनीकडे. आम्ही सगळे समोरची लाट बघत होतो आणि पाणी कडेने, पोरांच्या मागून भरत आलं होतं. काठीचं टोकसुद्धा दिसत नव्हतं.

मालकांनी भोंगा उचलला. मांडीत दाबून अशी मूठ फिरवली की मला वाटलं हात निखळेल. त्या मोकळ्या किनाऱ्यावर तो आवाज! टपरीवरची माणसं उठून उभी राहिली.

आणि पोरं धावली. काय झालं, का झालं, एकानेही विचार केला नाही. फळ्या हातातून सोडल्या आणि धावली, जशी रोज सकाळी जिन्यावरून धावायची तशी. मालेगाववाला नंतर म्हणाला, "मावशी, कसम से, मी बादली शोधत होतो." ओढ्यातून कमरेपर्यंत भिजत, एकमेकांचे हात धरत सगळी अलीकडे आली.

सगळी, माझी सोडून. तिच्या पायांना भोंगा माहीतच नव्हता. तिच्या दृष्टीने तो आवाज म्हणजे दुसऱ्यांचं पाणी आलं. ती तशीच पाठमोरी उभी. वळून बघितलं तोवर उंचवट्याच्या चारही बाजूंनी पाणी होतं आणि मधला ओढा छातीइतका. तिला पोहता येत नाही. मी किंचाळले, नावाने हाका मारल्या, पण वारा आमच्याकडे होता, आवाज परत माझ्याच तोंडात येत होता. ती फळी छातीशी धरून उभी होती. पाणी घोट्याशी, मग पोटरीशी. आणि ती हलत नव्हती. हात करत नव्हती. मला सगळ्यात भीती वाटली ती त्याची. पाण्याची नाही. ती हाक मारत नव्हती त्याची.

सायखेड्याच्या पोराने शर्ट काढला. "मी जातो, मालक!"

मालकांनी त्याची चड्डी मागून धरली. "थांब! गंगेचं पाणी एकीकडे ओढतं, ते तुला माहीत आहे. हे कुठे ओढतं ते ना तुला माहीत, ना मला. माहीत नसलेल्या पाण्यात मी माणूस सोडत नाही."

"मग काय बघत बसायचं?" मी ओरडले.

"हो. बघायचंय," म्हणाले आणि खरंच बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मी त्यांना काय काय बोलले ते आता आठवत नाही आणि आठवायचंही नाही.

ते बघत होते फळ्यांकडे. पोरांनी टाकून दिलेल्या दोन फळ्या. त्या तरंगत, गिरक्या घेत, कुणी न ढकलता काठाकडे येत होत्या. एक आली आणि आमच्या पायाशी वाळूला लागली. मग दुसरी.

"फळी येते," मालक म्हणाले. "मग फळीवरचं माणूसही येणार. पाणीच आणतंय. तिला फक्त आडवं व्हायचं आहे." त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरून हाक दिली, "आडवी हो! फळीवर झोप!" वाऱ्याने तीही परत आणली. भोंगा वाजवून काय सांगणार? भोंग्याला आडवं हो म्हणता येत नाही.

मग त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या खिशात ठेवला आणि त्या ओल्या चिखलात सपशेल पालथे पडले.

मला वाटलं, गेले. झटका आला. पण ते हात हलवायला लागले. पोटावर पडून, मान वर करून, दोन्ही हातांनी वाळू मागे सारत. साठी उलटलेला माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि चिखलात पोहतोय. ज्याने जन्मात पोहायला म्हणून पाण्यात पाय घातला नाही तो.

मालेगाववाल्याला आधी समजलं. "मावशी, ते दाखवताहेत! तिला दाखवताहेत!" आणि धपकन त्यांच्या शेजारी पालथा पडला. मग सायखेड्याचा. मग सगळीच. एका ओळीत, बेडकांसारखी. आणि मी? तेव्हा मी काही बारीक नव्हते. पदर खोचला आणि पडले. तोंडात वाळू, नाकात वाळू, साडी चिखलात, आणि मी हात मारतेय. कुठून बळ आलं कोण जाणे. टपरीवाल्या बाई म्हणत होत्या, "अगो बाय, कुठली मानसं ही?"

मान वर करून बघते तर तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय. पण नाही हो. तिने डोकं मागे टाकलं आणि मला दिसलं. ती हसत होती. एवढ्या लांबून दात दिसले मला तिचे. किती महिन्यांनी!

मग तिने फळी पाण्यावर ठेवली आणि तिच्यावर आडवी झाली.

पाण्याने तिला उचललं. मधल्या ओढ्यावर एकदा फळी गर्रकन फिरली तेव्हा माझ्या तोंडून देवाचं नावसुद्धा निघेना. पण तिने घट्ट धरून ठेवलं होतं. मागून एक लाट आली, काही फार मोठी नाही, आपल्या बसायच्या पाटाच्या उंचीची, आणि त्या लाटेने फळी अशी पुढे ढकलली की ती सरळ आमच्या दिशेने सुटली. पोरं उठून ओरडायला लागली, "उभी राहा! उभी राहा!" आणि त्या बयेने, आता पाणी गुडघाभरच राहिलं होतं, खरंच एक पाय टेकवला, दुसरा गुडघा फळीवर, हात पसरले. तेवढंच. पुढच्या क्षणी धप्पकन पाण्यात. उठली ती थुंकत, खोकत. मी धावले आणि तिला अशी धरली की दोघीही परत पडलो.

तिचं पहिलं वाक्य काय असेल? "आई, तू काय करत होतीस गं ते? सगळा गाव बघत होता!"

मी रडत होते, हसत होते, तिच्या पाठीत धपाटे घालत होते. ती म्हणाली, "मारतेस काय? आधी सांग, साडी नेसून कोण असं झोपतं?" सुरू झालं भांडण. मला ते देवळातल्या घंटेसारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मालक अजून खालीच बसले होते. चष्मा सापडत नव्हता, खिशातच होता. मी त्यांच्यापाशी गेले. तेच म्हणाले, "वहिनी, चूक माझी. बाई सांगत होत्या, पाणी न सांगता येतं. मी ऐकलं नाही." मी म्हटलं, तुम्ही नसतात तर... त्यांनी हातानेच मला थांबवलं. "पोरगी आणली ती पाण्याने. मी नुसता आडवा झालो." मग टपरीवाल्या बाईंकडे गेले, त्यांना नमस्कार केला आणि चिखलाच्या शर्टाने चहा प्यायले. पुऱ्यांना मात्र हात लावला नाही. पोरांनी तेवढ्याही संपवल्या.

परत येताना गाडीत ती बोलत होती. जव्हारचा घाट सगळा बोलत आली. पुऱ्या कडक होत्या. ओढणी मी नीट ठेवली नाही. क्लासचे सर डोळे मिटून शिकवतात. मैत्रिणींचा राग येतो. आणि मग एका वळणावर, जरा थांबून, "आई, मला डॉक्टर नाही व्हायचं. मला नाही जमत. मला बेडूक कापतानाच कसंतरी होतं." मी तिचा ओला हात धरला आणि म्हटलं, "नको होऊस. त्यात काय." एवढं सोपं होतं ते वाक्य. दोघींनाही किती महिने अडकलेलं.

पुढच्या सीटवरून मालकांनी ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला. "सावकाश घे रे. पाणी सुटलंय."

आता ती दिंडोरीकडे द्राक्षं तपासायच्या लॅबमध्ये आहे. दोन मुलं आहेत, अजूनही भांडते, रोज फोनवर. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. बिल्डिंगीला मोटर बसली, चोवीस तास पाणी असतं. त्या तीन फळ्यांपैकी एकीवर मी पापड वाळवते. शेवटपर्यंत मालक चंद्राला नावं ठेवायचे. पौर्णिमेला गच्चीवर बसून म्हणायचे, "एवढं पाणी हलवतो, पण सूचना देत नाही. बेजबाबदार."

पण मला आठवते ती त्या सहलीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. वेळ टळली तरी भोंगा होईना, म्हणून पोरं आपणहून बादल्या घेऊन अंगणात येऊन उभी. अंग दुखत होतं सगळ्यांचं, कुरकुर सुरू झाली. मी अंगणात येऊन वर बघितलं. मालक भोंग्याची मूठ धरून कठड्यावरून वाकलेले, आणि त्यांची नजर आमच्या दाराकडे.

"मालक," मी ओरडले, "वाजवा की! सगळे उभे आहेत."

"सगळे नाहीत," ते वरून म्हणाले. "एक माणूस कमी आहे."

माझ्या मागून धाडकन दार उघडलं. केस पिंजारलेले, एका पायात चप्पल, हातात मोरीतली बादली. आम्हाला नळ वेगळा होता, हे तिलाही माहीत होतं आणि त्यांनाही.

"आले हो, आले!" ती ओरडली. "जरा म्हणून दम नाही या माणसाला!"

तेव्हा कुठे त्यांनी भोंगा फिरवला.